यादवी आणि द्राक्षवेल : पट्टणकुडी व तासगाव यांची एक विसरलेली कथा

माघ-फाल्गुनात बेळगावच्या खडेबाजारात द्राक्षांचे ढीग लागतात आणि 'तासगावची आहेत' एवढे सांगून विक्रेता दोन पैसे अधिक मागतो. घेणाराही ते खुशीने देतो. परंतु ज्या तासगावच्या नावावर हा व्यवहार होतो, त्या तासगावचा एके काळचा धनी आमच्याच बेळगाव जिल्ह्यात, निपाणी-चिकोडीच्या टापूतील पट्टणकुडी या लहानशा गावी रणात पडला, आणि तोही मराठ्यांशीच लढताना, हे त्या दोघांपैकी कोणासही ठाऊक नसते. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही शिक्षकांनी ते सांगितलेलेच नाही.

आपसांतील युद्धास मराठीत 'यादवी' म्हणतात. हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यामागील कथा ध्यानात राहात नाही. प्रभासक्षेत्री जमलेले यादव मद्याने धुंद झाले, जुनी उणीदुणी निघाली, आणि हाती आलेले एरकेचे गवत उपटून त्यांनी एकमेकांस ठार केले. बाहेरचा शत्रू तेथे कोणीच नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णा, पंचगंगा आणि वेदगंगा यांच्या काठी जे घडले, त्यास याहून योग्य नाव आम्हांस सापडत नाही.

परशुरामभाऊ पटवर्धन हे त्या काळच्या पहिल्या प्रतीच्या सेनानींपैकी एक. टिपूविरुद्धच्या मोहिमेत धारवाडचा वेढा त्यांनी चालविला आणि 1791 साली ते ठाणे हाती आले. 1795 सालच्या खर्ड्याच्या लढाईत निजामाविरुद्ध मराठ्यांच्या फौजांचे सेनापतित्व त्यांच्याकडे होते. कर्नाटकाच्या स्वाऱ्यांत पाहिलेली दाक्षिणात्य गोपुरे त्यांच्या मनात भरली आणि तासगावी गणपतीचे देऊळ बांधताना त्यांनी तसेच सात मजली गोपुर उभारविले. महाराष्ट्रात उभे असलेले ते कर्नाटकी शिल्प आजही पाहणारास थांबविते.

खर्ड्याच्या मैदानात एका झेंड्याखाली उभे राहिलेले मराठे पुन्हा तसे एकत्र आले नाहीत. त्याच वर्षी सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि गादीच्या प्रश्नावरून पुण्यास कारस्थानांचा बाजार भरला. 1796 मध्ये भाऊंनी चिमाजी आप्पास पेशवाईची वस्त्रे देण्याच्या बेतास हात दिला आणि नाना फडणिसांशी त्यांचे फाटले. तेव्हा भाऊंस शह देण्यासाठी नानांनी कोल्हापूरकर छत्रपतींस पटवर्धनांच्या मुलखावर उठविले. उठविण्यास फारसे प्रयास पडले नसतील. चिकोडी आणि मनोळी या परगण्यांवरून कोल्हापूरकर व पेशव्यांच्या वतीने पटवर्धन यांचे वैर कित्येक वर्षांचे होते. हे परगणे या हातातून त्या हातात अनेकदा गेले, आणि प्रत्येक वेळी नव्या धन्याच्या वसुलीखाली रयत तीच राहिली.

कोल्हापूरच्या फौजा पटवर्धनी मुलखात शिरल्या. तासगाव लुटले गेले, भाऊंचा वाडा जाळला गेला. पुढे पुण्याचे फासे उलटले. कैदेत पडलेल्या भाऊंस 1798 मध्ये, साताऱ्यास छत्रपतींनी उठाव केला तेव्हा तो मोडण्यासाठी मोकळे करण्यात आले. सातारा शांत झाला, परंतु छत्रपतींचे बंधू चतुरसिंग कोल्हापूरकरांस जाऊन मिळाले आणि आगीस नवे सरपण लाभले. पुणे दरबाराने मग भाऊंसच कोल्हापूरवर धाडले. 1799 च्या सप्टेंबरात पट्टणकुडीजवळ दोन्ही फौजांची गाठ पडली आणि तेथे परशुरामभाऊंचा अंत झाला.

तो अंत कसा झाला, याविषयी दोन्ही पक्षांच्या हकीगती जुळत नाहीत. ते रणातच जखमांनी गेले, असे एक बाजू म्हणते. त्यांस जिवंत धरून नेऊन मारले, असे दुसरी बाजू म्हणते. आमच्या मते हा विसंवादच बोलका आहे. परक्याशी झालेल्या लढाईत शत्रूने काय केले याची जाहीर नोंद होते. घरच्या लढाईत घरच्यांनी काय केले ते एकास लपवावे लागते आणि दुसऱ्यास वाढवून सांगावे लागते.

भाऊंचे पुत्र रामचंद्रराव आप्पासाहेब यांनी सूड घेण्याचा निश्चय केला. शिंद्यांच्या कवायती पलटणी मदतीस आल्या आणि कोल्हापुरास वेढा पडला. तासगावने जे भोगले ते आता कोल्हापूरच्या आसमंतातील खेड्यांच्या वाट्यास आले. 1800 च्या मार्चमध्ये नाना वारले, पुण्याचे राजकारण पुन्हा फिरले आणि वेढा उठला. ज्या वर्षी पट्टणकुडीस मराठ्यांनी मराठ्यांचा सेनापती मारला, त्याच वर्षीच्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण इंग्रजांच्या हाती पडले होते. तीन वर्षांनी वसईचा तह झाला. 1812 च्या तहाने कोल्हापूरकरांनी चिकोडी-मनोळीवरील हक्क इंग्रजांच्या मध्यस्थीने सोडला, आणि शेवटी ते परगणे इंग्रजांच्याच पदरात पडले. तासगावची जहागीरही 1848 साली खालसा झाली. ज्यासाठी भांडण झाले ते दोघांसही उरले नाही.

हा इतिहास आपणांस कळतो तो मुख्यतः मिरजेच्या हायस्कुलातील एका शिक्षकामुळे. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे निवडून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' 1897 पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. आम्हां शिक्षकांस अभिमान वाटावा असे हे कार्य आहे. तथापि दप्तर जहागिरदाराचे होते हे विसरून चालणार नाही. त्यात फौजेचे खर्च आहेत, राजकारण आहे, मानापमान आहेत. ज्या कुणब्याचे उभे पीक घोड्यांच्या तोंडी गेले त्याचे पत्र त्यात कोठून असणार? त्याच्यासाठी इतिहासकारास दप्तराच्या ओळींमधील मोकळ्या जागा वाचाव्या लागतात.

त्या कुणब्याच्या वंशजांनी मात्र आपले उत्तर जमिनीतच लिहिले आहे. जेथे वाडा जळला त्या तासगावच्या शिवारात आज द्राक्षांचे मांडव आहेत. याच तालुक्यातील बोरगावचे बागाईतदार वसंतराव आर्वे यांनी 'थॉमसन सीडलेस' या परदेशी वाणातून निवड करून 'तास-ए-गणेश' हे वाण दिले; त्या नावात गावही आहे आणि भाऊंनी बसविलेला गणपतीही. द्राक्षांचा मोठा भाग बेदाण्यासाठी सावलीत वाळविला जातो, आणि मद्यासाठी शेजारच्या पलूस येथे 2001 च्या शासकीय धोरणानुसार द्राक्ष-उद्यान योजिले गेले. ज्या मद्याने यादव बुडाले, त्याच द्राक्षावर हा मुलूख पोट भरू पाहतो, हा योग विचार करावयास लावतो. वेलीस वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उजाड दिसते, पण पुढील पिकाची काडी तेथूनच तयार होते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या शांततेवाचून होत नाही. मांडव घालणारा मनुष्य पुढील पंधरा वर्षे येथेच राहणार आहोत, असे गृहीत धरतो. 1799 साली या टापूतील कोणा शेतकऱ्यास असे गृहीत धरता आले असते काय?

आम्ही सीमाभागात राहतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर पट्टणकुडी एका राज्यात आहे आणि तासगाव दुसऱ्या. आमच्या मुलांस आपल्या सर्व दुःखांचे मूळ रेषेपलीकडे दाखविण्याची सवय सहज लागते. भाषेविषयीचा आमचा न्याय्य आग्रह आम्ही सोडावा असे कोणी म्हणणार नाही. आम्ही तर मुळीच म्हणणार नाही. परंतु चिकोडीच्या याच मातीत मराठी बोलणाऱ्यांनी मराठी बोलणाऱ्यांची गावे जाळली, हा धडा गाळून उरलेला इतिहास शिकविणे म्हणजे मुलांस अर्धवट आरसा देणे होय. खर्ड्याचा विजय फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिणाऱ्या हाताने त्याखाली पट्टणकुडीचे नावही लिहावे. आमच्या शाळेत आम्ही तसे लिहू लागलो आहो. पहिल्या दिवशी एका मुलाने विचारले, "मग यांत जिंकले कोण?" त्याचे उत्तर आम्ही दिले नाही, त्यास 1812 चा तह काढून वाचावयास दिला.