‘साधना’ साप्ताहिकामागची माणसं: कुणी शिक्षक, कुणी डॉक्टर, कुणी चळवळीतला कार्यकर्ता

साने गुरुजींचं नाव गावोगावी ‘श्यामची आई’मुळे ठाऊक आहे. पण त्यांनी एक साप्ताहिक सुरू केलं होतं आणि ते आजही निघतं, हे अनेकांना माहीत नसतं. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, मुंबईत ‘साधना’चा पहिला अंक निघाला. पुढे साप्ताहिकाचा मुक्काम पुण्याला हलला. लोकशाही, समाजवाद आणि जातिधर्मापलीकडची माणुसकी ही त्याची वाट.

इथे लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण केवळ पत्रकार नव्हते. कुणी शाळेत शिकवत होतं, कुणी दवाखाना चालवत होतं, कुणी मोर्चात होतं. डोळ्यांनी पाहिलं ते लिहायचं आणि लिहिल्याची किंमतही आपणच मोजायची, असा त्यांचा रिवाज. त्यातल्या काहींची ही ओळख.

साने गुरुजी: पालगडचा मुलगा, अमळनेरचा मास्तर

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगड गावी झाला. अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं आणि मंदिराचं दार उघडलं.

‘साधना’च्या आधी गुरुजींनी ‘कर्तव्य’ नावाचं दैनिक काढलं होतं, पण ते फार दिवस चाललं नाही. मग साप्ताहिकाचा घाट घातला. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रं त्यातूनच लोकांपुढे आली. पुढे ती ‘सुंदर पत्रे’ या नावाने पुस्तकात आली. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. त्यांच्या हाती ‘साधना’ दोन वर्षंही राहिली नाही.

त्यानंतर आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन या दोन स्वातंत्र्यसैनिकांनी धुरा घेतली. मग यदुनाथ थत्ते आले आणि सुमारे पाव शतक संपादक राहिले. नव्या दमाच्या पोरांना लिहितं करणं ही थत्त्यांची खासियत.

हमीद दलवाई: सात बायकांचा मोर्चा

चिपळूणजवळच्या मिरजोळीत १९३२ मध्ये जन्मलेले हमीद दलवाई कथा लिहायचे. ‘इंधन’ ही त्यांची कादंबरी. मुस्लिम समाजातल्या सुधारणेबद्दलचं त्यांचं रोखठोक लिखाण ‘साधना’ने छापलं.

पण ते लिहून थांबले नाहीत. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम महिलांना घेऊन त्यांनी मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला. बायका सातच, पण चर्चा देशभर झाली. २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. स्वतःच्या समाजातून शिव्याशाप खाल्ले. ३ मे १९७७ रोजी, पंचेचाळिशीही गाठायच्या आत, मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले. सुप्रीम कोर्टाने तोंडी तलाक रद्द ठरवला तो २०१७ मध्ये, आणि कायदा झाला २०१९ मध्ये. म्हणजे त्या मोर्चानंतर अर्धं शतक उलटल्यावर.

राजा ढाले: एका लेखाने पेटलेला महाराष्ट्र

१९७२ साली स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली. सगळीकडे रोषणाई चालली होती. ‘साधना’ने मात्र दलितांना स्वातंत्र्य किती मिळालं, या प्रश्नावर १५ ऑगस्टचा विशेषांक काढला. तो सिद्ध केला डॉ. अनिल अवचट या तरुण डॉक्टर लेखकाने.

त्याआधी इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार टाकला गेला होता. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. राजा ढाले यांनी आपल्या लेखात थेट हिशेब मांडला: राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर शिक्षा किती आणि दलित बाईच्या साडीला हात घातला तर किती? दुसरी शिक्षा पहिलीपेक्षा हलकी निघते, मग हे स्वातंत्र्य कुणाचं? ध्वजाबद्दलची त्यांची भाषा इतकी जहाल होती की राज्यभर गदारोळ उठला आणि ‘साधना’लाही लोकांच्या रागाला तोंड द्यावं लागलं.

त्याच वर्षी मुंबईत ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि सोबत्यांनी उभी केलेली दलित पँथर या वादानंतर घराघरांत माहीत झाली. ढाले मूळचे सांगली जिल्ह्यातल्या नांद्रे गावचे. शेवटची वर्षं ते मुंबई उपनगरात विक्रोळीला राहत होते. १६ जुलै २०१९ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

आणीबाणी: लेखणीवर पहारा

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. छापण्याआधी मजकूर सरकारला दाखवा, असा हुकूम निघाला. ‘साधना’लाही सेन्सॉरशी झगडावं लागलं. या समाजवादी परिवारातली अनेक माणसं तुरुंगात गेली. प्रा. ग. प्र. प्रधान येरवड्यात होते. गोरेगावच्या मृणाल गोरे, ज्यांना उपनगरातले लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, काही महिने भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी त्यांना उत्तर मुंबईतून लोकसभेवर पाठवलं.

प्रधान पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, विधान परिषदेत विरोधी पक्षनेतेही झाले. त्यांचे मित्र वसंत बापट कवी आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातले शाहीर गडी. या दोघांनी पुढे मिळून ‘साधना’ सांभाळली.

डॉ. नरेंद्र दाभोलकर: सर्वात मोठी किंमत

१९९८ मध्ये संपादकपद दाभोलकरांकडे आलं. सातारचा डॉक्टर, मैदानावर कबड्डीचा नामांकित खेळाडू. १९८९ पासून ते महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करत होते. घर साताऱ्यात, ‘साधना’साठी दर आठवड्याला पुण्यात.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला गेले असताना पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर गोळ्या घालून त्यांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं भांडले, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला. डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांना पुराव्याअभावी सोडून दिलं.

या कायद्यात गावकऱ्यांसाठी काय?

• भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, नरबळी देणं हे गुन्हे आहेत.
• साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हाही गुन्हा आहे.
• शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड.
• तक्रार जवळच्या पोलिस ठाण्यात करता येते.
• देवपूजा, वारी, कीर्तन, भजन यांना या कायद्याची आडकाठी नाही.

आज काय चाललंय?

दाभोलकरांनंतर विनोद शिरसाठ संपादक झाले. अंक पुण्यातून निघतो. मागे वळून पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. पालगड, मिरजोळी, नांद्रे ही सगळी गावंच. मुंबई-पुण्यात छापल्या गेलेल्या या साप्ताहिकात गावाकडून आलेल्या माणसांनी जीव ओतला. त्यांचं सगळं म्हणणं सगळ्यांना पटलं असं नाही. दलवाईंना विरोध झाला, ढाल्यांवर टीका झाली. पण कुणीही खोट्या नावाआड लपून लिहिलं नाही. जे लिहिलं त्याखाली स्वतःचं नाव टाकलं आणि त्याचे परिणामही स्वतःच सोसले.