धातुशोधकासाठी मॉस्फेटची निवड
घरगुती बनावटीच्या ‘पल्स इंडक्शन’ धातुशोधकात कॉइलमधील प्रवाह झटक्यात तोडण्याचे काम मॉस्फेट करतो. प्रवाह तुटताच उलट दिशेने शेकडो व्होल्टचा दाब उसळतो. मॉस्फेट १०० व्होल्टचा असल्यास दाब साधारण तेथेच अडतो व ३०० मायक्रोहेन्रीच्या कॉइलमधील १ अँपिअर प्रवाह ओसरण्यास सुमारे ३ मायक्रोसेकंद लागतात. ४०० व्होल्टच्या आयआरएफ ७४० मध्ये हा काळ पाऊण मायक्रोसेकंदावर येतो. सोन्याच्या बारीक कणाचा प्रतिसाद क्षणजीवी असल्याने हा फरक निर्णायक ठरतो. आयआरएफ ८४० तर ५०० व्होल्टचा आहे. कमी रोधाच्या मोहात मात्र पडू नये. त्याच व्होल्टेजच्या अशा मोठ्या मॉस्फेटची धारिता अधिक असते, त्यामुळे कॉइल उशिरा शांत होते. मॉस्फेट बदलल्यास कॉइलला जोडलेला दमनरोधकही नव्याने जुळवावा लागतो.