काळा तळ, पांढरा तळ : सातारा-सांगलीच्या लेखनपरंपरेतील एक प्रश्न

लिपीच्या इतिहासात अक्षराच्या वळणाकडे जितके लक्ष दिले जाते, तितके अक्षर ज्यावर उमटते त्या तळाकडे सहसा दिले जात नाही. तळ हा गृहीत धरला जातो. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्याने मात्र या गृहीतकास धक्का दिला आहे. एकच मजकूर पांढऱ्या तळावर काळ्या अक्षरांत वाचावा की काळ्या तळावर उजळ अक्षरांत वाचावा, ही निवड ‘लाइट मोड’ व ‘डार्क मोड’ या नावांनी आज वाचकाच्या हाती आली आहे. आणि पूर्वी तयार झालेल्या वेब ॲप्लिकेशनला ही दुहेरी सोय जोडणे हे त्याच्या कर्त्यांचे एक नित्याचे काम होऊन बसले आहे. हे काम वरवर पाहता रंगांच्या अदलाबदलीचे वाटते. वस्तुतः ते नामकरणाचे काम आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार तंत्रज्ञाइतकाच भाषेच्या अभ्यासकानेही करणे उचित ठरते.

या विचारास सातारा व सांगली हा टापू विशेष सोयीचा आहे. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा करण्यात आला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. ताम्रपट, कोरीव पत्र्यावरील मुद्रण, मोडी दप्तरे, शाळेतील पाटी आणि महाजालावर आलेला विश्वकोश अशी लेखनाची निरनिराळी रूपे या दोन जिल्ह्यांत एकापाठोपाठ नांदली. प्रत्येक रूपाने तळ आणि अक्षर यांचे नाते निराळ्या रीतीने सोडविले आहे.

१. तांबे

कराड येथे मिळालेला राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा याचा ताम्रपट शके ८८० चा, म्हणजे इ. स. ९५९ चा आहे, रा. गो. भांडारकरांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’त संपादून प्रसिद्ध केला. मिरजेचा चालुक्य जयसिंह दुसरा याचा ताम्रपट शके ९४६ चा, म्हणजे इ. स. १०२४ चा. अशा ताम्रपटावरील अक्षर रंगाने वेगळे नसते, ते खोलीने वेगळे असते. पत्रा प्रकाशात तिरका धरला म्हणजे खोबणीत सावली पडते आणि अक्षर दिसू लागते.

असा लेख अभ्यासकांपुढे ठेवण्यासाठी त्याचा ठसा घेतात. ओला कागद पत्र्यावर बसवून तो ब्रशाने ठोकतात, त्यामुळे कागद खोबणीत उतरतो. मग वरून शाईचा बोळा फिरवितात. उंच भागाचा कागद काळा होतो आणि खोबणीत दबलेला कागद पांढरा राहतो. परिणामी ठशात काळ्या तळावर पांढरी अक्षरे दिसतात, तर त्याच लेखाचे वाचन जेव्हा शेजारच्या पानावर छापले जाते, तेव्हा ते पांढऱ्या तळावर काळ्या अक्षरांत असते. पुरालेखविद्येच्या विद्यार्थ्यास या दोन पानांवर आळीपाळीने नजर टाकण्याची इतकी सवय असते की, तळ उलटला आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. एकाच मजकुराचे दोन तळ ही कल्पना संगणकापूर्वीही विद्वानांच्या टेबलावर रुळलेली होती.

कोरीव तांब्याचा याच्या नेमका उलट उपयोग मिरजेतच झाला. नाना फडणीस यांच्या प्रोत्साहनाने पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर नागरी अक्षरे कोरण्याचा उद्योग सुरू झाला होता. ते कसब साधलेला तांबट कारागीर पुढे मिरजेच्या गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयास आला, आणि १८०५ साली तेथे भगवद्गीता छापली गेली. अ. का. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणाच्या इतिहासावरील आपल्या १९५८ च्या ग्रंथात या उद्योगाची दखल घेतली आहे. कोरीव पत्र्यावरून छापण्याच्या सर्वसामान्य रीतीत शाई खोबणीत भरतात व पृष्ठभाग पुसून स्वच्छ करतात. त्यामुळे कागदावर अक्षर काळे उमटते. ठशात शाई तळाला लागते, मुद्रणात ती अक्षराला लागते. खोबण मात्र दोन्हीकडे खोबणच असते. यावरून असे म्हणता येते की, काळा किंवा पांढरा हा अक्षराचा अंगभूत गुण नव्हे. अक्षर आणि तळ यांतील भेद हा खरा गुण होय.

२. शाई आणि हरताळ

कागदाचा प्रसार झाल्यावर मात्र एक जोडी पक्की झाली. मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातील कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपाने प्रसिद्ध केले. ती मोडी पत्रे काय आणि त्यांची बाळबोध छपाई काय, दोन्ही उजळ कागदावर काळी. लिहिणे या क्रियेस मराठीत ‘पांढऱ्यावर काळे करणे’ असे म्हटले जाऊ लागले, ते याच सवयीमुळे.

येथे ‘शाई’ या शब्दाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. फारसीत ‘सियाह’ म्हणजे काळा आणि ‘सियाही’ म्हणजे काळेपणा. त्यावरून मराठीतील ‘शाई’ आली. म्हणजे हा शब्द मुळात रंगाचे नाव होता. परंतु मराठी माणूस ‘तांबडी शाई’, ‘निळी शाई’, किंबहुना ‘पांढरी शाई’ असेही बोलतो आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही. व्युत्पत्तीने पाहिल्यास तांबडी शाई म्हणजे तांबडा काळेपणा होय. वापराने मात्र या शब्दातून रंग गळून पडला आणि कार्य तेवढे उरले : जिने लिहितात ती शाई. शब्दाने द्रव्याचा अर्थ टाकून भूमिकेचा अर्थ धारण केला, म्हणून तो कोणत्याही रंगाबरोबर चालू लागला.

याच्या उलट उदाहरण हरताळाचे. पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्या रिवाजाची आठवण होय. पिवळसर कागदावर हा लेप बेमालूम मिसळून जाई, कारण त्याचा रंग तळाशी जुळणारा होता. तोच लेप काळ्या तळावर दिला असता तर चूक झाकली न जाता उठून दिसली असती. शाई भूमिकेने बांधलेली आहे, हरताळ विशिष्ट तळाने बांधलेला आहे. हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

३. पाटी

पांढऱ्यावर काळे ही जोडी सार्वत्रिक झाली असली तरी एकमेव कधीच नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली तिचे कार्य साताऱ्यास आणले. खेड्यापाड्यांतील मुलांच्या हाती शिक्षण पोहोचविण्याच्या त्या काळात मुलाच्या हातातील पाटी काळी होती आणि शिक्षकाच्या पाठीमागील फळाही काळा होता. हात वळेपर्यंत काळ्यावर पांढरे, वळल्यानंतर पांढऱ्यावर काळे, असा क्रम होता. कारण उघड आहे : पाटी पुसता येते, कागद पुसता येत नाही व तो विकत घ्यावा लागतो.

यावरून काळा तळ म्हणजे तात्पुरते लेखन असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, परंतु ‘काळ्या दगडावरची रेघ’ हा वाक्प्रचार त्यास आडवा येतो; तेथे काळा तळ हाच कायमपणाची खूण आहे. तेव्हा तळाच्या रंगास स्वतःचा अर्थ नाही. पदार्थ, खर्च आणि प्रयोजन यांनी तो त्या त्या वेळी ठरविलेला आहे.

४. पडदा

संगणकाचे आरंभीचे पडदे बहुधा काळ्या तळाचे होते, कारण किरण जेथे पडेल तेवढाच बिंदू उजळत असे आणि तळ न उजळलेला राही. १९७३ च्या झेरॉक्स आल्टो या संगणकाने कागदासारखा उजळ पडदा व त्यावर काळी अक्षरे ही रीत आणली; १९८४ च्या मॅकिन्टॉशने ती लोकांपर्यंत नेली. महाजालाची पाने त्याच वळणावर वाढली. पानाचे रूप ठरविणारी सीएसएस ही भाषा १९९६ साली मान्य झाली. तीत कर्ता प्रत्येक घटकास रंग नेमून देतो. बहुतेक कर्त्यांनी तळास पांढरा व अक्षरास काळा रंग थेट लिहून टाकला. हा हरताळाचा मार्ग होता.

२०१८ साली मॅकओएस मोहावीने व २०१९ साली आयओएस १३ आणि अँड्रॉइड १० यांनी संपूर्ण यंत्रासाठी काळा तळ निवडण्याची सोय दिली. त्याच २०१९ साली सफारी, फायरफॉक्स व क्रोम या तिन्ही ब्राउझरांनी ‘प्रिफर्स-कलर-स्कीम’ ही कसोटी स्वीकारली. तिच्यामुळे वाचकाने आपल्या यंत्रावर कोणता तळ निवडला आहे हे पानास कळू शकते. लेखनाच्या इतिहासात तळाची निवड लेखकाकडून वाचकाकडे गेली, ती या टप्प्यावर.

अशा वेळी जुन्या ॲप्लिकेशनमध्ये तळाचा तेवढा रंग उलटला, तर ठिकठिकाणी थेट लिहिलेले पांढरे तुकडे काळ्या पानावर ठिगळांसारखे चमकतात आणि काळी अक्षरे तळात बुडतात. यावर उपाय शाईचा. रंगांना ‘पांढरा’, ‘काळा’, ‘तांबडा’ अशी नावे न देता ‘पृष्ठ’, ‘मजकूर’, ‘सीमा’, ‘दुवा’, ‘इशारा’ अशी भूमिकेची नावे द्यावयाची. सर्व घटकांनी ही नावेच वापरावयाची. आणि प्रत्येक नावाची उजळ तळासाठी एक व गडद तळासाठी एक अशी दोन मूल्ये एका जागी नोंदवावयाची. इशाऱ्याचा जो गर्द तांबडा पांढऱ्यावर ठसठशीत दिसतो, तो काळ्यावर मावळतो. तेथे फिकट तांबडा लागतो. नाव एकच, मूल्ये दोन.

याखेरीज तीन पथ्ये पाळावी लागतात. वाचकास उजळ, गडद व ‘यंत्राप्रमाणे’ असे तीन पर्याय द्यावेत, व त्याची निवड साठवून ठेवावी. ती निवड पान रंगण्यापूर्वीच वाचली जावी. अन्यथा गडद पान उघडताना क्षणभर पांढरा झोत डोळ्यांवर येतो. आणि छायाचित्रे उलटवू नयेत. मोडी कागदाचे छायाचित्र रंग उलटवून दाखविले तर तांबड्या शाईतील नोंद निळसर दिसेल. ताम्रपटाचा ठसा उलटविला तर तो ठसा आहे हेच कळणार नाही. सोयीसाठी केलेला बदल पुराव्यास बाध आणता कामा नये.

५. देवनागरीचा विशेष

गडद तळावरील उजळ अक्षर डोळ्यास आहे त्यापेक्षा जाड भासते. रोमन अक्षरांस हे काहीसे सोसते. देवनागरीत शिरोरेषा अखंड असते, मात्रा व अनुस्वार तिच्यावर दाटतात, आणि ध, घ, भ यांच्या पोटातील पोकळी अगोदरच लहान असते. म्हणून गडद तळासाठी अक्षराची जाडी थोडी कमी, ओळींतील अंतर थोडे अधिक, आणि शुभ्र पांढऱ्याऐवजी किंचित मंद अक्षर योजणे हितावह ठरते. मात्र मंदपणासही मर्यादा आहे : सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सामान्य आकाराच्या मजकुराची व तळाची उजळता निदान ४.५ : १ या प्रमाणात भिन्न असावी. शुद्ध पांढऱ्या-काळ्याचे हे प्रमाण २१ : १ असते, त्यामुळे मंद करण्यास पुष्कळ वाव आहे.

कोणता तळ श्रेष्ठ, या वादास एकच उत्तर नाही. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विद्यापीठात झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तरुण व वृद्ध अशा दोन्ही वाचकांस उजळ तळावरील काळी अक्षरे अधिक अचूक वाचता आली. याउलट ज्यांच्या डोळ्यातील भिंग गढूळ झाले आहे, अशा वाचकांस उजळ तळाची तिरीप त्रासदायक होते व त्यांना काळा तळ सुसह्य वाटतो. सरासरी वाचकाच्या सोयीने दुसऱ्या वाचकाचा हक्क हिरावला जाऊ नये, हे येथील मर्म आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या शासकीय संकेतस्थळांच्या सामायिक चौकटीत अधिक उठावाचा तळ निवडण्याची सोय सुगमतेच्या सदरातच ठेवलेली आहे, ती याच कारणाने.

हा प्रश्न या परिसरास परका नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि पुढे विश्वकोश महाजालावर आला. छापील खंडाचा वाचक ग्रंथालयाच्या वेळेने व उजेडाने बांधलेला होता. पडद्यावरील वाचक रात्री, अंधाऱ्या खोलीत, एकाच यंत्रावर अभ्यास करणारा विद्यार्थी असू शकतो, अथवा मोतीबिंदू झालेला निवृत्त शिक्षकही असू शकतो. मराठीतील ज्ञानसंचय अशा दोघांपर्यंतही पोहोचावयाचा असेल, तर त्याचे कोणतेही पान एका तळावर अवलंबून राहता कामा नये. त्यासाठी नवे शास्त्र शोधण्याची गरज नाही. ‘शाई’ या शब्दाने रंग सोडून कार्य धरले, तेच प्रत्येक घटकाच्या नावाने करावयाचे आहे; आणि ते एकदा केले की तळ कोणता हे ठरविण्याचे काम निर्धास्तपणे वाचकावर सोपविता येते.