गोलकीपरचं दुसरं करिअर

१९८४ साली कानपूरला संतोष ट्रॉफीत गोव्याने पंजाबला १-० असं हरवलं. त्या अख्ख्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. गोलसमोर उभा होता ब्रह्मानंद शंखवाळकर. ५७६ मिनिटं गोल न खाण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. आदल्या वर्षी गोव्याने बंगालसोबत विजेतेपद वाटून घेतलं होतं, आता ते एकट्याचं झालं.

ताळगावात १९५४ साली जन्मलेला हा पोरगा साळगावकर क्लबचा आधार बनला आणि १९८३ ते १९८६ भारताचा कर्णधार राहिला. तरी तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? गोलकीपरचं काम आमच्या सर्व्हरसारखं असतं. नीट चाललं तर कुणाच्या लक्षात येत नाही, बंद पडलं की सगळे फोन करतात. अर्जुन पुरस्कार त्याला १९९७ मध्ये मिळाला, तोवर हातातले ग्लोव्हज उतरले होते. पद्मश्री आली २०२२ मध्ये.

मला खरा रस आहे तो पुढच्या प्रश्नात. खेळ संपल्यावर खेळाडूचं वजन कुठे जातं?

गोव्यात फुटबॉल आणि राजकारण कायम शेजारी राहिले. पण मतांच्या राजकारणात जे सर्वात पुढे गेले, ते क्लबवाले. चर्चिल ब्रदर्स क्लबचे चर्चिल आलेमाव १९९० मध्ये काही दिवस मुख्यमंत्री होते, पुढे दोनदा खासदारही झाले. क्लबवाल्याकडे माणसं, पैसा आणि संघटना असते. खेळाडूकडे असते फक्त आठवण.

आठवणीवर मतं मिळत नाहीत, हे बायचुंग भुतियाला विचारा. सिक्कीमच्या तिनकितामचा हा स्ट्रायकर १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडून खेळायला गेला. २०११ मध्ये तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. २०१४ ला दार्जिलिंगमधून लोकसभा हरला, २०१६ ला सिलिगुडीतून विधानसभा. २०१८ मध्ये स्वतःचा पक्ष काढला, तरी सिक्कीममध्ये २०१९ आणि २०२४ ला पराभवच. शेवटी त्याने निवडणुकीचं राजकारण सोडलं. त्याआधी २०२२ मध्ये फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला, तेव्हा निकाल ३३ विरुद्ध १ असा लागला. तिथे मतदार राज्य संघटना होत्या, प्रेक्षक नव्हते. जिंकणारे कल्याण चौबे हेही माजी गोलकीपरच, पण त्यांच्या मागे संघटना उभ्या होत्या.

जगात उलट उदाहरणही आहे. लायबेरियाचा जॉर्ज वेआ २००५ मध्ये हरला, पण बारा वर्षं टिकून राहिला आणि २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकला. म्हणजे प्रसिद्धीने दार उघडतं, आत बसायला मात्र बांधणी लागते.

शंखवाळकर निवडणुकीच्या वाटेला गेला नाही. तो राज्य सरकारच्या गोवा फुटबॉल विकास मंडळाचा अध्यक्ष झाला. मंडळाचं काम गावागावांतल्या मुलांना प्रशिक्षक आणि मैदान मिळवून देण्याचं. हे काम साधं वाटेल, पण वेळ बघा. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन मोठे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. वरचा मजला रिकामा होत असताना पाया कुणीतरी धरायला हवा होता. तिथे भाषण कामाचं नाही. ताळगावातून भारताच्या गोलपर्यंतची वाट स्वतः चाललेला माणूस कामाचा.

आमच्या वारंगा फाट्याच्या आसपास फुटबॉल फारसा नाही. क्रिकेट आहे, कबड्डी आहे आणि प्रत्येक स्पर्धेचा बॅनर आहे. बॅनरवर नेत्याचा फोटो मोठा, खेळाडूचा बहुतेक वेळा नसतोच. जुन्या खेळाडूला आपण उद्घाटनाला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो आणि घरी पाठवतो. तालुक्याच्या क्रीडा समितीत मात्र त्याला जागा नसते.

खेळाडूने आमदार व्हावं की नाही, हा त्याचा प्रश्न. मैदान कुठे हवं, प्रशिक्षक कोण हवा, हे ठरवणाऱ्या टेबलाशी तो बसलेला असावा, हा आपला प्रश्न आहे. पुढच्या वेळी गावात चषकाची वर्गणी मागायला पोरं आली, तर पैसे द्या. पण समितीत कोण आहे, तेही विचारा.