हत्तीच्या मोटेचे गाव : कोरेगाव तालुक्यातील एक दिवस

१/ कोरेगाव म्हटले की बहुतेकांना भीमेकाठचे कोरेगाव आठवते. हा धागा त्या गावाविषयी नाही. सातारा शहराच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरवर, पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तीळगंगेच्या काठी दुसरे कोरेगाव आहे. कास आणि महाबळेश्वराकडे जाणाऱ्या पर्यटकांपैकी फारच थोडे या बाजूला वळतात. मित्रहो, इतिहासाची आवड असेल तर ही चूक सुधारण्याजोगी आहे.

२/ प्रथम भूगोल, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. महाबळेश्वरी वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेकडे सरकले की सह्याद्रीची पर्जन्यछाया सुरू होते आणि पाऊस त्या मानाने अगदी थोडा उरतो. महादेव डोंगराच्या उघड्याबोडक्या सोंडा, त्यांच्या मधून दक्षिणेकडे कृष्णेला मिळायला निघालेली वसना नदी, आणि काळ्या-तांबड्या शेतांचे चौकोन: हे येथले निसर्गदृश्य. हिरवाई शोधणाऱ्याची निराशा होईल. पण या मुलखात ज्याने ज्याने काही टिकाऊ बांधले, त्याला आधी पाण्याचा प्रश्न सोडवावा लागला. हे ध्यानात ठेवून पाहिले म्हणजे येथली प्रत्येक वास्तू बोलू लागते.

३/ आरंभ नांदगिरीपासून करावा. नांदगिरी, म्हणजेच कल्याणगड, हा महादेव डोंगराच्या एका सोंडेच्या टोकावर उभा आहे. पन्हाळ्याच्या शिलाहार दुसऱ्या भोजाने तो बांधला असे परंपरा सांगते. १६७३ मध्ये तो शिवछत्रपतींच्या ताब्यात आला आणि १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने घेतला. लढाईच्या दृष्टीने त्याची कथा एवढ्यावर संपते. गडाचे खरे वैभव पहिल्या दरवाजाच्या आत आहे.

४/ तेथून काही पायऱ्या खाली उतरतात आणि एका भुयारात शिरतात. आत काळोख, पायाखाली गार पाणी, हाताशी आधाराला लोखंडी कठडा. पाण्यातून वाट काढीत आत गेले की पार्श्वनाथाची मूर्ती दिसते. जवळच दत्तात्रेयही आहेत. जैन तीर्थंकर आणि दत्त एकाच काळोखात, एकाच पाण्याकाठी! कोणता देव आधी आला यावर वाद घालण्यापेक्षा एवढे पाहावे की गडाचा जिवंत झरा हेच या साऱ्यांचे अधिष्ठान आहे. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गड बांधण्याआधी पाणी पाहावे असा दंडक घालून दिला. नांदगिरीचे भुयार पाहिल्यावर तो दंडक पुस्तकी वाटत नाही.

५/ अमात्यांचे नाव निघालेच आहे, तर गडावरून उतरून किन्हईला जाऊ. या गावचे कुलकर्णपण त्रिंबक कृष्ण यांच्याकडे होते. त्यांचा मुलगा परशुराम, जन्म १६६०. संभाजी महाराजांची हत्या, रायगडाचा पाडाव, राजाराम महाराजांचे जिंजीस प्रयाण: १६८९ नंतरच्या त्या वर्षांत महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंतांनी सांभाळला, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कर्त्या माणसांत हा किन्हईचा कुलकर्ण्याचा मुलगा होता. पन्हाळा परत मिळविण्यात त्याचा मोठा वाटा होता. १७०० मध्ये औरंगजेब साताऱ्याखाली तळ देऊन बसला, तेव्हा शेजारचा परळीचा किल्ला, म्हणजे सज्जनगड, याच परशुरामपंतांनी लढविला.

६/ प्रतिनिधिपद त्यांच्या घराण्यात स्थिरावले, आणि पुढे औंधचे संस्थान याच घराण्याचे. किन्हईत पंतांचा वाडा आहे आणि गावालगतच्या टेकडीवर साखरगडनिवासिनीचे तटबंदीयुक्त मंदिर. औंधच्या यमाईच्या दर्शनास जाणे वार्धक्यामुळे जमेना, म्हणून देवीच भक्ताच्या गावी आली, अशी कथा येथे सांगतात. टेकडीवरून समोर नांदगिरी दिसतो. मला हे दृश्य औंधच्या संग्रहालयाइतकेच मोलाचे वाटते: एका नजरेत खेडे, वाडा, देवी आणि गड. अठराव्या शतकातील मराठा सत्ता ज्या मातीतून वर आली, तिचा हा जणू नकाशाच आहे.

७/ दुपारी कोरेगाव ओलांडून रहिमतपूर गाठावे. सगळा प्रवास ज्यासाठी करावा ती गोष्ट येथे आहे. गावात एक मशीद आणि रणदुल्लाखानाची म्हणून ओळखली जाणारी कबर आहे. रणदुल्लाखान हा विजापूरच्या महंमद आदिलशहाचा नामांकित सरदार. १६३६ च्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीत आले, ते याच सेनापतीबरोबर कर्नाटकच्या मोहिमेवर गेले. १६३८ मध्ये बंगळूर जिंकले गेले आणि तेथे शहाजीराजांचे बस्तान बसले. शिवचरित्राच्या पहिल्या प्रकरणात हे नाव ओझरते येते आणि पुढे विसरले जाते.

८/ मशिदीच्या आग्नेयेस शंभरएक यार्डांवर सुमारे पन्नास फूट उंचीचा एक भरीव मनोरा उभा आहे, पश्चिमेला त्याला एक लांब उतार जोडलेला. किल्ल्याचा बुरूज म्हणावा तर तट नाही. देवळाचे शिखर म्हणावे तर गाभारा नाही. ही हत्तीची मोट.

९/ आपली नेहमीची मोट आठवा. विहिरीच्या तोंडाशी चाक, त्यावरून गेलेला नाडा, नाड्याला कातड्याची मोट. बैलजोडी धावेच्या उतारावरून खाली चालू लागली की मोट वर येते आणि थारोळ्यात रिकामी होते. तेथून पाणी पाटाने शेतात. उतार येथे शोभेचा नसतो, बैलाचे स्वतःचे वजन कामी यावे म्हणून तो असतो. रहिमतपुरात हेच तत्त्व हत्तीच्या मापाने वाढविले आहे. पाणी मनोऱ्याच्या उंचीवर चढवायचे आणि तेथून खाली सोडून मशिदीच्या कारंजाला दाब द्यायचा. आजच्या गावातली पाण्याची टाकी ज्या नियमाने चालते, त्याच नियमाने हे कारंजे उडत असे.

१०/ म्हणजे दुष्काळी पट्ट्यात, हत्तीच्या बळावर पाणी चढवून, ते हवेत उडविण्यासाठी वापरले! उधळपट्टी म्हणा. मला ते सत्तेचे बोलके रूप वाटते: जेथे पाणी दुर्मीळ, तेथे कारंज्याइतका मोठा बडेजाव दुसरा नाही.

११/ याच्या उलट टोक पाहायचे असेल तर दुसऱ्या दिवशी साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहावी. ती शेजारच्या तालुक्यात आहे, पण विषय तोच. शाहू महाराजांच्या परिवारातील वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. एका वेळी बारा मोटा चालतील अशी योजना, आणि विहिरीच्या पोटात चक्क एक महाल. येथले पाणी मात्र आमराईला जात असे.

१२/ मोटेचा शेवट कसा झाला? त्याचे उत्तरही याच तालुक्यात सापडते. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला. तेथे लोखंडी नांगर आणि नंतर इंजिने होऊ लागली. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले मुख्य मंत्री झाले, काही महिन्यांपुरते. शेताच्या बांधावर इंजिनाचा पंप धडधडू लागला, तसतशी मोट, नाडा आणि धाव हे शब्दच विरत गेले. पाण्यासाठी बांधलेल्या वास्तू त्या दिवसापासून निरुपयोगी ठरल्या.

१३/ सातारा रोड हे नावही विचार करायला लावणारे आहे. जुन्या मीटरगेज मार्गावरचे साताऱ्याचे स्थानक येथे होते, म्हणून गावाला हे नाव. १९७० च्या सुमारास ब्रॉडगेज झाला, साताऱ्याचे स्थानक माहुलीकडे गेले आणि नाव मात्र मागे राहिले. वाट बदलली की गाव मागे पडते, हे जगभर घडले आहे.

१४/ जपानच्या नागानो प्रांतातील किसो खोऱ्यात त्सुमागो नावाचे असेच एक गाव आहे. एदो ते क्योतो या जुन्या नाकासेंदो मार्गावरील ६९ मुक्कामांपैकी ते एक. १९११ मध्ये खोऱ्यातून रेल्वे पूर्ण झाली, ती या गावाला वगळून. गाव ओस पडू लागले. १९६८ पासून गावकऱ्यांनी जुनी लाकडी घरे दुरुस्त करायला घेतली आणि १९७१ मध्ये आपसांत तीन नियम केले: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. विजेच्या तारा दृष्टीआड नेल्या. दिवसा मोटारींना मुख्य रस्ता बंद केला. १९७६ मध्ये सरकारी संरक्षण मिळाले, म्हणजे गावाच्या निर्णयानंतर.

१५/ तेथे ना मोठी लढाई झाली ना कोणी राजा राहिला. जपली ती सराया आणि दुकानदारांची घरे. आपल्याकडे गडावर मोहिमा निघतात, टाक्यांतला गाळ उपसला जातो, आणि हे उत्तमच आहे. पण त्यामागे बहुधा एक नायक लागतो. हत्तीच्या मोटेला नायक नाही. ती बांधणाऱ्या गवंड्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, तेथे रक्त सांडले नाही, आणि आदिलशाही असल्याने ती आपली की परक्याची हा प्रश्नही काहींना पडतो. वाड्यांची गत तर सर्वांना ठाऊक आहे: वाटण्या होतात आणि सागवानी तुळया बाजारात जातात.

१६/ जाणाऱ्यांसाठी थोडे. दसऱ्यानंतर जावे, डोंगर अजून हिरवट असतात आणि हवा स्वच्छ असते. नांदगिरीच्या भुयारासाठी विजेरी हवीच, आणि पावसाळ्यानंतर आत पाणी भरपूर असते, तेव्हा एकट्याने शिरू नये. मूर्तींना पूजा असते. पादत्राणे बाहेर काढावीत. किन्हईच्या टेकडीवर उन्हाआधी चढावे. रहिमतपूर शेवटी ठेवावे, कारण मोटेचा उतार पश्चिमेला आहे: मावळतीचे ऊन थेट त्यावर येते आणि हत्ती ज्या बाजूने चालला असेल ती सारी बाजू उजळून निघते.