लाल गहू आणि मराठी पुस्तकं

१९६५-६६ साली रेशनच्या दुकानापुढे पिशवी घेऊन ज्यांनी रांग लावली आहे, त्यांना 'पी. एल. ४८०' म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेचा लाल गहू! त्याच्या पोळ्या चिवट व्हायच्या आणि घरोघरी त्या गव्हाच्या नावानं बोटं मोडली जायची. पण त्याच गव्हाच्या पैशांतून हजारो मराठी पुस्तकं बोटीनं या देशात आली, आणि आपण राहतो त्या गावापासून दोन-चार तासांवरच्या एखाद्या विद्यापीठात त्यांतली कितीतरी अजून उभी आहेत, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

'काय वाचावं, कोणतं नाटक बसवावं' हा आपल्या मंडळींचा दरवर्षीचा प्रश्न. यंदा मी नावांची यादी न देता ती पुस्तकं इथं कशी आली त्याचा इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटल्यावर लगेच पान उलटू नका. यात गहू आहे, अध्यक्ष जॉन्सन आहेत, आणि गाजरगवतसुद्धा आहे.

१० जुलै १९५४ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचा क्रमांक ४८०, म्हणून 'पब्लिक लॉ ४८०'. अमेरिकन शेतकऱ्यांचं धान्य कोठारांत मावेनासं झालं होतं आणि ज्या देशांना ते हवं होतं त्यांच्याकडे डॉलर नव्हते. तेव्हा धान्य घ्या आणि किंमत तुमच्या चलनात द्या, अशी सोय या कायद्यानं केली. भारताशी असा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. त्या काळात एका वर्षात सुमारे एक कोटी टन अमेरिकन धान्य भारताच्या बंदरांत उतरलं. जॉन्सनसाहेब गव्हाची पुढची बोट सोडायची की नाही हे महिन्या-महिन्याच्या हिशेबानं ठरवत. हात पसरून उभं राहण्याची ती नामुष्की आमच्या आईवडिलांच्या पिढीनं सोसली. त्या गव्हाबद्दलच्या रागात नुसती चव नव्हती, हेही होतं.

जाता जाता गाजरगवताबद्दल. 'काँग्रेस गवत' पी. एल. ४८० च्या गव्हातूनच आलं, असं आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. पण पुण्यात ते १९५५-५६ च्या सुमारास दिसलं आणि करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. त्याआधीही, १९५१ पासून, अमेरिकन गहू भारतात येत होता, त्यातून ते आलं असेलही. खापर फोडायचंच असेल तर निदान योग्य बोटीवर फोडावं!

आता रुपयांकडे वळू. गव्हाच्या बदल्यात मिळालेले हे रुपये अमेरिकेच्या नावे भारतातच साठत गेले. ते डॉलरमध्ये बदलून नेता येत नव्हते, भारतातच खर्च करायचे होते. साठा इतका फुगला की १९७४ च्या फेब्रुवारीत राजदूत मॉयनिहन यांनी १६६४ कोटी रुपयांचा एक धनादेश भारत सरकारला परत दिला, आणि त्या काळी जगातला सर्वांत मोठा धनादेश म्हणून तो गाजला. त्याच्या कितीतरी आधी, १९५८ साली, मिशिगनचे काँग्रेस सदस्य जॉन डिंगेल यांच्या पुढाकारानं कायद्यात एक छोटं कलम घातलं गेलं: या परकीय चलनातून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्या त्या देशातली पुस्तकं विकत घ्यावीत आणि अमेरिकेतल्या ग्रंथालयांना वाटावीत. १९६२ साली दिल्लीच्या कार्यालयातून हे काम सुरू झालं.

काम कसं चालायचं, हे मला तरी फार मनोरंजक वाटतं. दिल्लीचं कार्यालय भारतातल्या सगळ्या प्रमुख भाषांतली नवी पुस्तकं मिळवी. अभ्यासाच्या दृष्टीनं ठेवण्याजोगं वाटेल त्याच्या अनेक प्रती घेतल्या जात. मग प्रत्येक शीर्षकाची नोंद करून लायब्ररी ऑफ काँग्रेसला आणि योजनेत सामील झालेल्या डझन-दीड डझन ग्रंथालयांना पेट्या रवाना होत. शिकागो, पेनसिल्व्हेनिया, बर्कली, विस्कॉन्सिन, मिनेसोटा ही त्यांतली काही. सगळ्यांनी सगळ्या भाषा घेतल्या असं नाही. जुलै १९६२ पासून या आवक पुस्तकांची एक छापील यादी निघू लागली. तिच्यात भाषावार विभाग असत आणि मराठीचाही असे. कादंबरीखाली व्याकरण, त्याखाली एखाद्या संताचं चरित्र, मग एकांकिकांचा संग्रह. एखाद्या समीक्षकाची आवडनिवड आड न येता त्या त्या वर्षी मराठीत काय छापलं जात होतं, त्याचं इतकं खरं चित्र दुसरीकडे मिळणं कठीण.

यात मराठीच्या नशिबानं एक योग जुळून आला. योजना सुरू झाली १९६२ मध्ये आणि नेमाड्यांची 'कोसला' आली १९६३ मध्ये. 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आलं १९६७ मध्ये. मग जी. ए. कुलकर्ण्यांची 'काजळमाया' आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा', दोन्ही १९७२. त्याच वर्षी 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर. १९७४ मध्ये आळेकरांचं 'महानिर्वाण', १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं'. म्हणजे मराठी साहित्य एकीकडे उसळ्या मारत होतं आणि नेमक्या त्याच वीस-पंचवीस वर्षांत कोणीतरी पदरचे डॉलर न मोजता त्याच्या प्रती समुद्रापार पाठवत होतं. दहा वर्षं आधी हे घडलं असतं तर आज शेल्फवर वेगळंच चित्र दिसलं असतं.

काहीजण म्हणतात की हा सगळा शीतयुद्धाचा मामला होता. अमेरिकेला आपली भाषा नको होती, आपल्याबद्दलची माहिती हवी होती. खरंच आहे ते. पण प्रकाशकाला रोख पैसे मिळाले, पुस्तक वाचलं, आणि वाचायला आलेली माणसं हेरगिरी करत बसली नाहीत. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ यांवर प्रबंध लिहिला, पुढे मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं, आणि जयंत कर्व्यांच्या साथीनं 'घाशीराम कोतवाल' इंग्रजीत आणलं. शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात दक्षिण आशिया विभाग उभा करणाऱ्या मॉरीन पॅटरसन यांचा स्वतःचा अभ्यास महाराष्ट्रातल्या चित्पावनांवर होता. मॅक्सीन बर्नसन तर फलटणला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश आज शिकागोच्या डिजिटल संग्रहात मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांच्या कोशांशेजारी सर्वांना मोफत खुला आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ साली निघाली आणि तिचं भारतातलं पहिलं ठाणं होतं पुण्यात, डेक्कन कॉलेजच्या आवारात. त्या संस्थेच्या अभ्यासवृत्तींनाही याच गव्हाच्या रुपयांचा हात लागला होता.

आणि भारतात तरी सगळं सुरक्षित होतं का? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत घराघरांतली पुस्तकं चिखलात गेली. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या सेंट्रल लायब्ररीसह चार ग्रंथालयांना देणं प्रकाशकांवर बंधनकारक आहे, पण अनेक प्रकाशक ती देतच नाहीत ही तक्रार जुनी आहे. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेत जे झालं ते आपण सर्वांनी इथं बसून पाहिलं. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती, त्यातल्या काही वाचनालयांत झिजल्या, काही रद्दीत गेल्या. अशा पुस्तकाच्या दहा-पंधरा प्रती वातानुकूलित दालनात पडून असणं ही लहान गोष्ट नाही.

माझी या पुस्तकांशी ओळख झाली ती शेल्फांच्या गल्ल्यांतून हिंडताना. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणात मराठी लेखकांचा क्रमांक 'पीके २४१८'. गंमत अशी की तिथं कविता, नाटक, कादंबरी अशा वाटण्या नसतात. लेखक आडनावानुसार ओळीनं उभे आणि एकाचं सगळं लेखन एकत्र. त्यामुळे 'के' अक्षराशी कानेटकर, करंदीकर, खांडेकर आणि खानोलकर एकमेकांना खेटून बसलेले. खांडेकरांचं काहीतरी आणायला जावं आणि खानोलकर घेऊन परतावं! चिं. त्र्यं. खानोलकर मला तसेच भेटले. 'कोंडुरा' ही कादंबरी, 'एक शून्य बाजीराव' हे नाटक, आणि आरती प्रभू या नावानं लिहिलेल्या 'दिवेलागण' मधल्या कविता. एकाच माणसाची ही तीन रूपं आहेत हे शाळेत वाचलं होतं, पण तिन्ही एका आठवड्यात वाचल्यावर ते खरं कळलं. पुस्तकांच्या दुकानात नाटकं एका कोपऱ्यात आणि कविता दुसऱ्या, तिथं हे होत नाही. नाटक 'वाचायचं' असतं हेही मला इथंच पटलं. भारतात असताना नाटक म्हणजे शिवाजी मंदिर; त्याची संहिता हातात कोण घेतं?

नाटकाच्या बाबतीत या योजनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. संहिता आली, प्रयोग आला नाही. 'बेगम बर्वे' वाचताना कानात नाट्यसंगीत नसेल तर अर्धं नाटक पानावरच राहतं. २००५ साली जॉर्जिया विद्यापीठानं आळेकरांनाच बोलावून त्याचा इंग्रजी प्रयोग बसवून घेतला. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये तेंडुलकर महोत्सव झाला आणि 'सखाराम बाइंडर' चे इंग्रजी प्रयोगही झाले. असे योग क्वचितच. एरवी ते काम मराठी मंडळंच करत आली आहेत, आणि बरं करत आली आहेत. पण दर गणपतीत आणि दर अधिवेशनाआधी 'अमुक एकांकिकेची प्रत कोणाकडे आहे का' म्हणून फोन फिरतात, पुण्याला मावसभावाला पिटाळलं जातं, पुस्तक अप्राप्य असल्याचा निरोप येतो, आणि मग शेवटी तेच ते विनोदी नाटक पुन्हा बसतं. ती प्रत पुष्कळदा दोन तासांवर असते.

१९८० च्या दशकात ते रुपये संपले. दिल्लीचं कार्यालय त्यानंतरही चालू राहिलं, पण ग्रंथालयं आता आपल्या अंदाजपत्रकातून डॉलर मोजू लागली. डॉलर मोजायचे म्हटलं की प्रश्न येतो: वाचतं कोण? आणि इथंच मला काळजी वाटते. साठ-सत्तर सालचा कागद पिवळा पडून तुकडे होऊ लागला आहे. जी पुस्तकं वर्षानुवर्षं कोणी मागत नाही ती मुख्य इमारतीतून दूरच्या गोदामात जातात, म्हणजे शेल्फांमधून हिंडून खानोलकर सापडण्याची शक्यता संपते. काही ग्रंथालयांतल्या प्रती स्कॅन होऊन २००८ साली सुरू झालेल्या 'हाथीट्रस्ट' मध्ये गेल्या आहेत, पण स्वामित्वहक्क शिल्लक असलेली पुस्तकं तिथं उघडून वाचता येत नाहीत. शब्द कोणत्या पानावर आहे एवढंच कळतं. दुसऱ्या बाजूला आपल्या तळघरांतली खोकी. आपण बॅगांचं वजन सांभाळत आणलेली पुस्तकं पुढं कोणाला द्यायची, हे आमच्या पिढीतल्या बहुतेक घरांत ठरलेलं नाही. मुलांना मराठी बोलता येतं, वाचायचं म्हटलं की अडतं. विद्यापीठांना ही खोकी बहुतेक वेळा नको असतात, कारण त्यांच्याकडे तीच पुस्तकं आधीपासून आहेत: गव्हाच्या पैशांतून आलेली!

तेव्हा मागायला सुरुवात करा. त्यासाठी विद्यापीठाचं ओळखपत्र लागतंच असं नाही. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात 'इंटरलायब्ररी लोन' चा अर्ज भरला की पुस्तक बहुतेकदा आठ-पंधरा दिवसांत येतं, पुष्कळ ठिकाणी फुकट. खरी अडचण असते ती रोमन लिपीत नाव शोधण्याची. यादीत आपल्या सवयीचं स्पेलिंग चालत नाही. 'च' साठी 'सी-एच' न लिहिता नुसता 'सी' लिहायचा, म्हणजे चितळे 'सी' पासून सुरू होतात. शिवाय प्रत्येक अक्षरातला 'अ' उच्चारला नाही तरी लिहायचा: तेंडुलकरांच्या 'ल' नंतर एक 'ए' आणि शेवटच्या 'र' नंतर आणखी एक. 'विजय' च्या शेवटीही 'ए'. एकदा हे जमलं की दारं उघडतात. हल्ली पुष्कळ नोंदी देवनागरीतही असतात, पण जुन्या पुस्तकांच्या नसतील तर हीच युक्ती.

नाटक बसवणाऱ्यांसाठी एवढंच: प्रत मिळाली म्हणजे प्रयोगाची परवानगी मिळाली असं नव्हे. लेखकाच्या किंवा वारसांच्या संमतीसाठी प्रकाशकाला आधी पत्र लिहा. आणि अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच करा; पुस्तक गोदामातून यायचं असेल तर गणपतीच्या तालमींना वेळेवर हाताशी हवं.