संग्रह आणि वाचन

मराठी वाचनव्यवहाराचा इतिहास आपण मुख्यतः ग्रंथालयांच्या आधारे लिहीत आलो. कोल्हापुरात १८५० साली स्थापन झालेली नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे आजचे करवीर नगर वाचन मंदिर, हा अशा इतिहासाचा साहजिक आरंभ. परंतु ग्रंथालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते, विकत घेतलेल्याला नसते. घरात न वाचलेल्या पुस्तकांचा साठा होतो तो या मुभेतून. समीक्षा मात्र लेखकाच्या संग्रहातील प्रत्येक ग्रंथ वाचलाच गेला असे गृहीत धरते आणि ‘प्रभाव’ शोधू लागते. जुन्या ग्रंथांतील न फाडलेली जोडपाने या गृहीतकाला छेद देतात. सूचीत त्यांची नोंद सहसा नसते.

वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापुरात आले. १९७६ मध्ये ते निवर्तले; त्याआधीच्या काही वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती. राहून गेलेली पुस्तके हातावेगळी करणे ही एरवी वाचक आणि कपाट यांच्यातली खाजगी बाब. दृष्टिहीन लेखकाच्या बाबतीत तिच्यात वाचून दाखवणारा येतो. चाळणे, पाने गाळणे, कंटाळून पुस्तक मिटणे (हे वाचकाचे हक्कच म्हणायचे) आता बोलून मागावे लागते. पोथी ऐकणाऱ्या समाजाला श्रवण परके नाही. पण पोथीचा क्रम परंपरेने ठरलेला असतो, कपाटाचा नसतो. म्हणून उत्तरकालीन खांडेकरांच्या अभ्यासकाने संग्रहात काय होते, याआधी त्यातले काय वाचून दाखवले गेले, हे विचारायला हवे.